नाताळची सजावट उतरवायचं जीवावर आलंय, तुम्ही कधी आणि कशी काढता?

झोपाळू_खार | ४ जानेवारी, रविवार, रात्री ९:४०

मंडळी, शुभेच्छा देऊन-घेऊन झाल्या, उद्यापासून ऑफिस आणि पोरांची शाळा, आणि आमच्या हॉलच्या कोपऱ्यात झाड अजून आहे तिथेच उभं आहे. त्याचे दिवे लावायचं आता कोणाच्या लक्षातही येत नाही. खिडकीतली चांदणी एका बाजूला कलली आहे, दारावरच्या रीथची (गोल हिरव्या तोरणाची) रिबीन सुटून लोंबतेय, आणि येता-जाता त्या झाडाला खांदा घासला की ग्लिटर चिकटतं ते धुतलं तरी जात नाही. ना धड सण ना धड रोजचं घर असं काहीतरी चाललंय.

लावताना घरात नुसता उत्साह असतो, एक जण स्टूल धरतोय, एक माळा सोडवतोय, वरचा तारा कोणी लावायचा यावरून भांडणं. काढायची वेळ आली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात आणि मग कुठल्यातरी दुपारी मी एकटीच गोळे काढत बसते. यंदा ते करायचं नाहीये.

तर प्रश्न असे: काढायचा काही ठरलेला दिवस असतो का? नीट भरायची पद्धत काय? आणि सगळं काढल्यावर घर जे भकास दिसतं त्याचं काय करता?

---

चष्मा_कुठाय | ४ जानेवारी, रात्री ९:५८

आमच्याकडे २६ डिसेंबरला दुपारपर्यंत सगळं माळ्यावर. सण झाला की झाला, उगाच रेंगाळत ठेवलं की धूळ खातं. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

---

उंबरठा | ४ जानेवारी, रात्री १०:०५

२६ ला?? अहो दादा, मग येशूबाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे बिचारे पोचायच्या आधीच तुम्ही गोठा गुंडाळला की!

आमच्याकडे गोठ्याच्या देखाव्यातल्या मूर्ती एकदम मांडत नाही. गव्हाण आधी रिकामी, २४ च्या रात्री बाळ येतं, आणि राजे आणि त्यांचे उंट खोलीच्या दुसऱ्या टोकापासून रोज थोडे थोडे पुढे सरकतात. सरकवायचं काम पोरांचं. आत्ता हे लिहितेय तेव्हा एक उंट राऊटरच्या शेजारी उभा आहे आणि दुसऱ्याचं तोंड उलट्या दिशेला आहे, तो कोणी फिरवला ते कोणी कबूल करत नाहीये. ६ तारखेला पोचतील. त्याआधी काही काढायचा प्रश्नच नाही.

---

जुनं_कॅलेंडर | ४ जानेवारी, रात्री १०:३१

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.

ठरलेला दिवस आहे, पण एक नाही. नाताळ हा २५ तारखेला संपणारा सण नाही, त्या दिवशी तो सुरू होतो. ५६७ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने नाताळ ते प्रकटीकरणाचा सण हे बारा दिवस सणाचे धरले, आणि म्हणून ब्रिटनमध्ये बाराव्या रात्रीपर्यंत सजावट उतरवायची पद्धत आहे. प्रकटीकरण म्हणजे राजे बाळाच्या दर्शनाला आले तो दिवस, ६ जानेवारी. बऱ्याच देशांतली कॅथलिक चर्चेस तो २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी घेतात, म्हणजे तिथे तो आजच झाला.

कॅथलिक पंचांगात मात्र नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, यंदा तो ११ जानेवारीला येतोय. त्यानंतर चर्चमधल्या वेदीवरच्या कापडाचा पांढरा रंग जाऊन हिरवा येतो आणि वर्ष रोजच्या चालीला लागतं. व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्स चौकातलं झाड आणि गोठाही साधारण तोपर्यंत असतो.

आणि त्याहून जुनी पद्धत २ फेब्रुवारीची. नाताळपासून मोजलं तर हा चाळिसावा दिवस, बाळाला मंदिरात नेलं त्याचा सण. पूर्वी इंग्लंडमध्ये घरातली हिरवी डहाळी त्या दिवसापर्यंत राहायची. तेव्हा झोपाळूताई, तुम्हाला अजिबात उशीर झालेला नाही.

---

झोपाळू_खार | ४ जानेवारी, रात्री १०:३८

कॅलेंडरकाका धन्स!! हे नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो "बघ, फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे" आणि परत मोबाईलमध्ये.

---

बारावी_पास | ४ जानेवारी, रात्री ११:०२

पण बारावी रात्र ५ ची की ६ ची? आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद.

---

जुनं_कॅलेंडर | ४ जानेवारी, रात्री ११:१०

२५ हा पहिला दिवस धरला तर ५ ची रात्र, २६ पासून मोजलं तर ६ ची. इंग्लंडातही यावरून दरवर्षी वाद होतो, त्यामुळे तुमच्या घरी मिटेल असं वाटत नाही. कृहघ्या (कृपया हलकेच घ्या).

---

वाचनमात्र | ४ जानेवारी, रात्री ११:२६

त्या तारखेनंतर सजावट राहिली तर वर्षभर अपशकुन होतो असं काहीतरी म्हणतात ना? आणि राहिलीच तर मग पुढच्या नाताळपर्यंत काढायची नाही?

---

चष्मा_कुठाय | ४ जानेवारी, रात्री ११:३३

हा दुसरा भाग ज्याने काढला तो माणूस माझ्यापेक्षाही हुशार. वर्षभर आराम.

---

जुनं_कॅलेंडर | ५ जानेवारी, सकाळी ७:१५

ब्रिटनमधली समजूत आहे ती. डहाळ्यांमध्ये आत्मे थंडीपुरते आसऱ्याला येतात आणि वेळेत बाहेर सोडले नाहीत तर घरात खोड्या करतात, असं. पण तिथल्याच राणी एलिझाबेथ सँड्रिंगहॅमच्या घरातली सजावट ६ फेब्रुवारीपर्यंत ठेवायच्या अशा बातम्या ब्रिटिश पेपरांत दरवर्षी यायच्या. वडील सहावे जॉर्ज तिथेच १९५२ मध्ये त्या तारखेला गेले, तो दिवस होईपर्यंत त्या तिथेच राहायच्या. अपशकुनाचं त्यांनी फार मनावर घेतलेलं दिसत नाही.

---

फ्यूज_उडालेला | ५ जानेवारी, सकाळी ८:४८

तारखेचं मिटलं असेल तर विजेकडे येऊया.

माळ काढायच्या आधी लावून बघा. चालते का नाही ते आत्ता कळलेलं बरं, डिसेंबरात दुकानात गर्दीत उभं राहून नाही. जुन्या पद्धतीच्या बारीक बल्बांच्या माळेत बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक बल्बच्या बुडाशी शंट नावाची बारीक तार असते, आतली फिलामेंट तुटली की ती करंट पुढे सोडते, म्हणून एक बल्ब गेला तरी बाकीचे पेटतात. लोकांना वाटतं चला, चालतंय की! पण गेलेल्याच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्यांवर येतं, ते जास्त तापतात, मग दुसरा जातो, तिसरा जातो, आणि मग ही रांग भराभर पुढे सरकते. त्यामुळे गेलेला बल्ब काढताना लगेच बदलायचा, जादाचे बल्ब पाकिटात आलेले असतात ते त्याच माळेला टेपने चिकटवून ठेवायचे. आणि अख्खा तुकडाच बंद पडला असेल तर बहुतेक वेळा एखादा बल्ब सॉकेटमध्ये सैल झालेला असतो, तिथे शंट काही करू शकत नाही, एकेक दाबून बघा. (प्लग काढून, हे सांगायला लागू नये पण सांगतो.)

गुंडाळायची पद्धत: जाड पुठ्ठ्याचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना खाच. प्लग नसलेल्या टोकापासून सुरुवात करायची, प्लग शेवटी बाहेर राहिला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी न सोडवता लावून बघता येते. कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळून गच्च आवळतात ते करू नका, वायर पिळवटते आणि आतून तुटते.

बॅटरीवाल्या मेणबत्त्या, चांदण्या, रिमोट, गाणं म्हणणारा सांता, सगळ्यांच्या बॅटऱ्या काढा. अल्कलाईन बॅटरी पडून पडून गळते, आतला पोटॅशियम हायड्रॉक्साईड बाहेर येऊन पत्र्याच्या पट्ट्या खातो. पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर हातमोजे घालून कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असतील तर त्या काढल्या काढल्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, गिळल्या तर जिवावर बेततं.

अवांतर: एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःच्या घरी पहिल्यांदा झाडाला विजेचे दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे मिळून ८०, सगळे हाताने जोडलेले. त्याच्या घरी ते कोणी उतरवले हे मला फार जाणून घ्यायचंय.

---

झोपाळू_खार | ५ जानेवारी, सकाळी ९:०५

त्याच्या बायकोने. लिहून देते.

---

सुईदोरा | ५ जानेवारी, दुपारी १:२०

काचेच्या गोळ्यांबद्दल माझ्याकडून.

काढताना वरच्या पत्र्याच्या टोपीला धरून ओढू नका. टोपी आत दोन तारांच्या स्प्रिंगवर अडकलेली असते, ती निसटली की टोपी हातात आणि गोळा खाली. एका हाताने गोळा खालून धरायचा आणि मग दुसऱ्या हाताने दोरा फांदीतून सोडवायचा. जुने काचेचे असतील तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह टाळा, वरचा रंग पाण्याने सरळ फडक्यावर येतो आणि आतला चांदीसारखा थरही ओल लागली की पापुद्रे धरतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे. जर्मनीत लाउशा नावाच्या गावात १९व्या शतकात काच फुंकून हे गोळे करायला लागले, त्या काळातले काही अजून शाबूत आहेत ते असंच जपल्यामुळे.

गुंडाळायला वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पांढरा टिश्यू पेपर आणि अंड्यांचे ट्रे. आणि पिठाच्या, मिठाच्या, पास्त्याच्या ज्या वस्तू पोरांनी शाळेत केलेल्या असतात त्या घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळ्या, नाहीतर त्या उंदरांसाठी मेजवानी.

एक महत्त्वाचं. कोणाकडे आजीच्या काळातली चंदेरी झिरमिळी असेल, हाताला जड, मऊ आणि सरळ लोंबणारी, तर ती शिशाची असू शकते. अमेरिकेत १९७२ पासून तसली बनवणं थांबवलं. मुलांना हाताळू देऊ नका. आत्ताची हलकी, फुगणारी असते ती प्लास्टिकची, तिला विषाचा धोका नाही पण मांजर असेल तर तीही वेळेत उचला, मांजरं गिळतात आणि ती आतड्यात अडकते.

---

देवदार | ५ जानेवारी, दुपारी ३:४४

वर कॅलेंडरकाकांनी २ फेब्रुवारी सांगितलंय त्यावर लाल झेंडा. झाड प्लास्टिकचं असेल तर होळीपर्यंत ठेवा, पण खरं तोडलेलं असेल तर नको. फांदी वाकवली की कडकन मोडते का, सुया हात लावताच झडतात का, बघा. तसं असेल तर दिवे आजच बंद आणि झाड बाहेर. वाळलेल्या फरच्या झाडात राळ असते, एक ठिणगी पुरते, एका मिनिटाच्या आत पूर्ण पेटतं.

काढायची पद्धत: स्टँडमधलं पाणी आधी उपसा (लोक हे विसरतात आणि मग गालिचा...). झाडावर जुनी चादर गुंडाळा, मग आडवं करा, आणि बुंधा पुढे करून दाराबाहेर न्या, म्हणजे फांद्या मिटतात. शेंडा पुढे केलात तर सगळ्या सुया चौकटीला घासून घरातच. त्या पुढे महिनाभर कुठे कुठे सापडतात ते विचारू नका. आणि तुकडे करून घरातल्या शेकोटीत जाळू नका, ठिणग्या उडतात आणि धुराड्यात डांबरासारखा थर धरतो.

झाडाचा उपयोग मात्र खूप होतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या किनाऱ्यावर लोकांनी दिलेली झाडं वाळूत चर खणून पुरतात, वाऱ्याने उडणारी वाळू त्यात अडते आणि वाळूच्या टेकड्या वाढतात. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात हत्ती नाताळची झाडं खातात, पण फक्त न विकली गेलेली, घरातली घेत नाहीत कारण त्यात कोणाचा तरी हुक नाहीतर झिरमिळी राहिलेली असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या झाडाच्या तर २००७ पासून फळ्या काढतात आणि त्या गरजूंच्या घरबांधणीला जातात.

---

सोमवारचा_बळी | ५ जानेवारी, रात्री १०:१७

मी वेगळं लिहितो. "घरातले सगळे मिळून काढूया" हे ऐकायला छान वाटतं. माझ्या घरी मी एकटाच काढतो आणि मला तसंच आवडतं. कानात काहीतरी लावायचं, दार लोटून घ्यायचं, तासाभरात काम फत्ते. मदतीला चार हात आले की दोन गोळे फुटतात आणि पाच वस्तू चुकीच्या खोक्यात जातात. हे काम मुळात एकट्याचं आहे.

---

उंबरठा | ५ जानेवारी, रात्री १०:३०

बळीदादा, तुम्ही आवडीने एकटे काढता ते वेगळं, आणि बाकी कोणी उठत नाही म्हणून एकटीने काढायचं ते वेगळं. झोपाळूचा प्रश्न दुसरा आहे.

आणि मुलांसाठी तरी सगळ्यांनी मिळून काढावं असं मला वाटतं. शाळेतून आल्यावर बघतात तर झाड गायब, हे लहान मुलाला फार लागतं. आमचा धाकटा एकदा रिकाम्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला हात लावून बघत होता. त्यापेक्षा त्यांच्या हाताने उतरवू द्यावं. फुटले दोन गोळे तर फुटले.

---

सोमवारचा_बळी | ५ जानेवारी, रात्री १०:३६

मुलांचं पटलं. गोळ्यांचं नाही.

---

उत्तरवारा | ६ जानेवारी, सकाळी ११:०९

झोपाळू, तुझ्या प्रश्नावर स्वीडनवाल्यांनी फार पूर्वी तोडगा काढलाय. तिथे १३ जानेवारीला क्नुटचा दिवस असतो, नाताळ तिथे संपतो. त्या दिवशी मुलांना बोलावून झाड लुटायची पार्टी! झाडाभोवती गाणी म्हणत नाचायचं, टांगलेला खाऊ काढून खायचा आणि शेवटी झाड घराबाहेर. उतरवायचं काम कोणाच्या एकाच्या गळ्यात पडतच नाही कारण खाऊ त्या झाडावर आहे. मला हे लावण्याच्या पार्टीपेक्षा हुशारीचं वाटतं. लावायला लोक आपोआप जमतात, गरज काढायलाच असते.

---

पानगळ | ६ जानेवारी, रात्री ११:५२

खूप दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय.

आमच्याकडे यंदा आईशिवाय पहिला नाताळ. झाड लावू नये असं वाटत होतं, पण बाबांनी खोकी काढली म्हणून लावलं. आईने प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहून ठेवलंय. "वरच्या फांद्या, लाल खूण, आधी खालच्या लावणे". "दिव्यांची माळ २, ही खिडकीला पुरत नाही, प्रयत्न करू नये". एका छोट्या डब्यावर आहे "पिवळा गोळा तडकलेला, भिंतीच्या बाजूला लावणे". लावताना बाबांनी तो भिंतीच्याच बाजूला लावला, कोणाला दिसणार नाही असा.

काल सगळं परत भरायला बसलो तर खोकी इतकी जुनी झालीयेत की तळच सुटला दोनांचा. नवीन प्लास्टिकचे डबे आणावेत तर हे लिहिलेलं जातं. बाबा म्हणतात राहू दे झाड तसंच. मला पण काढवत नाहीये पण बघवत पण नाहीये.

---

सुईदोरा | ७ जानेवारी, सकाळी ६:४०

पानगळ, नवीन डबे आण. जुन्या खोक्यांवरचा लिहिलेला तेवढा पुठ्ठा कात्रीने कापून घे आणि रुंद पारदर्शक टेपने नव्या डब्यावर आतून चिकटव, बाहेरून नको, बाहेरचं हाताळून पुसतं. जे खोकं कसंबसं उभं आहे ते अख्खंच मोठ्या डब्यात बसव.

आणि घाई नको करूस. प्लास्टिकचं झाड आहे ना? मग आत्ता काहीच करायची गरज नाही.

---

जुनं_कॅलेंडर | ७ जानेवारी, सकाळी ८:०२

सहमत. आज ७ जानेवारी, ज्युलियन कॅलेंडर १३ दिवस मागे चालतं त्यामुळे रशिया, सर्बिया, जॉर्जिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ आज आहे. पानगळ, बाबांना सांगा, कितीतरी घरांत आज कुठे सुरुवात होतेय.

---

पानगळ | ७ जानेवारी, सकाळी ८:४५

🙏 सांगितलं. हसले जरा.

---

चष्मा_कुठाय | ७ जानेवारी, दुपारी १२:३०

भकासपणावर कोणी बोललं नाही अजून, म्हणून मीच. २६ ला काढणारा असलो तरी मलाही ते होतं. माझं मत असं की भकास दिसतं ते दोन कारणांनी. एक, झाडासाठी आपण खुर्ची किंवा टेबल हलवलेलं असतं आणि झाड काढल्यावर ते जागेवर आणत नाही, म्हणून कोपऱ्यात भगदाड. झाड निघाल्यानिघाल्या त्याच तासाला खुर्ची परत, तिथे रात्री वाचायचा दिवा. दोन, महिनाभर संध्याकाळी पिवळा मंद उजेड असतो आणि एकदम छतावरची पांढरी ट्यूब लागते. ट्यूब काही दिवस लावूच नका.

लोक "हिवाळी सजावट" म्हणून पाइनचे शंकू आणि पांढरे दिवे ठेवून देतात, ती मात्र मला पळवाट वाटते. काढायचं तर काढा.

---

वाचनमात्र | ७ जानेवारी, दुपारी १२:५५

अहो ठेवू द्या की शंकू, त्यांनी तुमचं काय केलंय. 😄 बाहेर चार वाजता अंधार पडणाऱ्यांना विचारा. खिडकीतली एक माळ मी ठेवतेच, सगळं एका फटक्यात काढलं की सकाळी उठून कामावर जायची इच्छाच राहत नाही. आधी लाल-हिरवं आणि सांताछाप जे आहे ते, मग झाड, दिवे सगळ्यात शेवटी, तेही मनाला येईल तेव्हा.

---

रच्याकने_प्रश्न | ८ जानेवारी, सायं ५:१४

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), तो लाल पानांचा पॉइनसेटिया टाकून द्यायचा का? पानं गळायला लागलीयेत.

---

देवदार | ८ जानेवारी, सायं ७:३०

टाकू नका, झुडूप आहे ते, वर्षानुवर्षं जगतं. आता पाणी कमी करा, थंडी सरली की बोटभर ठेवून छाटा. परत लाल करायचा असेल तर ऑक्टोबरपासून दोनेक महिने रोज चौदा तास गच्च अंधार लागतो, रात्री खोलीतला दिवा जरी पडला तरी हिरवाच राहतो. संध्याकाळी कपाटात, सकाळी बाहेर. हौस असेल तर करा, मी एका नाताळापुरती केली.

---

झोपाळू_खार | ११ जानेवारी, रात्री ८:५०

मंडळी, काढलं!! कॅलेंडरकाकांच्या ११ तारखेला आणि उत्तरवाऱ्याच्या क्नुटच्या पद्धतीने. काल रात्री पोरं झोपल्यावर झाडावर चॉकलेटं बांधली, फांदीच्या आतल्या बाजूला, गोळ्यांच्या मागे, म्हणजे गोळा काढल्याशिवाय चॉकलेट मिळत नाही. अट एकच, काढलेली वस्तू सुईदोराच्या ट्रेमध्ये गेली तरच खाऊ. नवऱ्याला वाटलं पोरांचा खेळ आहे म्हणून सोफ्यावर बसला होता, वरच्या फांद्यांची चॉकलेटं पोरांच्या हाताला येईनात तेव्हा उठावंच लागलं, आणि मग माळा पण त्यानेच गुंडाळल्या, पुठ्ठ्याला खाचा पाडून. प्लग बाहेर. एक गोळा फुटला, बळीदादा, एकच.

खुर्ची जागेवर आली आहे. कोपरा तरी थोडा उघडा वाटतोय पण चालेल.

आता फक्त एक राहिलंय, सगळ्या डब्यांत माळांचा डबा तळाशी ठेवू की वर?

---

फ्यूज_उडालेला | ११ जानेवारी, रात्री ८:५८

वर. पुढच्या वेळी झाड उभं केलं की आधी माळाच लागतात. आणि सांताच्या बॅटऱ्या?

---

झोपाळू_खार | ११ जानेवारी, रात्री ९:०१

थांबा बघते.